दगडाचं दळण

आईला माझं काम समजावून सांगण्यात माझी तीन-चार वर्षं गेली. शेवटी एकदा व्हिडिओ कॉलवर तिला सगळी प्रयोगशाळाच फिरवून दाखवली. धुऊन वाळवलेले लाव्हाचे तुकडे, ते भरडायचं यंत्र, पिठासारखी पूड, त्या पुडीची चकती आणि ती चकती ज्यात सरकवायची ते क्ष-किरणांचं खोकं. तिनं शांतपणे सगळं पाहून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एवढं शिकून, एवढ्या लांब जाऊन दळणच दळतेस ना गं?"

खोटं नाही ते. हवाईच्या मोठ्या बेटावर, हिलो गावात, मी जिवंत ज्वालामुखीतून नुकताच बाहेर आलेला दगड दळते. ज्वालामुखीवर काम करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चंदेरी पोशाख घालून आगीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस येतो. तो पोशाख मी आजवर अंगाला लावलेला नाही. माझा गणवेश म्हणजे सुती शर्ट, सुती पँट, चामड्याचे हातमोजे, शिरस्त्राण आणि गळ्यात लोंबणारा गॅसचा मुखवटा. कापड सुतीच हवं, कारण नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटतं.

मी मूळची वाईची. पसरणी घाटातून पाचगणीला जाताना कापलेल्या डोंगरात आडवे काळे थर दिसतात आणि त्यांच्या मधे मधे गेरूसारखी तांबडी पट्टी. लहानपणी गाडी लागू नये म्हणून मला खिडकीत बसवायचे आणि मी थर मोजत जायचे. तो एकेक काळा थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट आणि तांबडी पट्टी म्हणजे दोन लोटांमधल्या निवांत काळात तयार झालेली माती, हे पुण्यात एमएस्सीला गेल्यावर कळलं. दख्खनचे हे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. सरांनी फळ्यावर त्यांची वर्गवारी लिहिली : कळसूबाई उपगट, लोणावळा उपगट, वाई उपगट. मी आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या कुणाचं गाव फळ्यावर आलं नव्हतं.

प्रबंधासाठी आंबेनळी घाट मिळाला. महाबळेश्वराहून पोलादपूरला उतरताना खाली पोलादपूरचे थर, मधे आंबेनळीचे, वर महाबळेश्वरचे. तिन्ही काळे, तिन्ही कठीण, तिन्ही डोळ्यांना सारखेच. कुठला कुठला, हे नुसतं बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही. ते रसायन सांगतं : टायटॅनियम किती, बेरियम किती, स्ट्रॉन्शियम किती. आंबेनळीचा रस बराच स्वच्छ वर आलेला. पोलादपूरचा वाटेत थांबून, आजूबाजूचा जुना खडक थोडाथोडा खात आलेला. खंडाळ्याच्या बाजूचा बुशे नावाचा थर तर पोटभर जेवूनच बाहेर पडलेला. म्हणून नमुने गोळा करायचे, दळायचे, मोजायचे. पाठीवरच्या पिशवीत वीस-बावीस किलो दगड घेऊन एसटीत चढले की कंडक्टर विचारायचा, "मॅडम, काय आहे यात?" "दगड." तो एकदा पिशवीकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, आणि सामानाचं तिकीट फाडायचा. घाटात दगडांची काय कमी आहे, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

त्या दोन वर्षांत मी 'पाहोएहोए' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरत असेन. गुळगुळीत, सायीसारखी वळ्या पडलेली कातडी असलेला लाव्हा तो पाहोएहोए, आणि खडबडीत, ढेकळाढेकळांचा तो आ-आ. दोन्ही शब्द हवाईयन. सह्याद्रीत बसून आम्ही हवाईची भाषा बोलत होतो, आणि सगळे चुकीच्या उच्चारात. थंड झालेली साय खूप पाहिली, आता उकळतं दूध बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परदेशी प्रवेशाच्या अर्जांबद्दल विचारायला एका सल्लागाराकडे गेले, तर त्यानं ज्वालामुखी हा शब्द दोनदा वदवून घेतला आणि म्हणाला, "त्यापेक्षा डेटा सायन्स बघा." त्याची फी गेली ती गेलीच, शिवाय त्याच्या नादानं एक वर्षही गेलं.

दुसऱ्या वर्षी होनोलुलूला पीएचडी मिळाली. आई सगळ्यांना सांगत सुटली की मुलगी ज्वालामुखीवर राहते. प्रत्यक्षात होनोलुलू ज्या बेटावर आहे तिथले ज्वालामुखी केव्हाच विझलेत. जिवंत ज्वालामुखी तिथून विमानानं तीनशेहून जास्त किलोमीटर. माझी पाच वर्षं बहुतेक एका बिनखिडकीच्या खोलीत गेली. काचेच्या कणांवर इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा आणि त्यातलं मॅग्नेशियम मोजायचं. लाव्हाच्या काचेत मॅग्नेशियम जास्त असेल तितका तो रस जास्त गरम होता, हे गणित चांगलं बसलेलं आहे. म्हणजे थंड झालेल्या कणाला विचारायचं, बाबा रे, तू बाहेर आलास तेव्हा किती तापलेला होतास? आणि तो सांगतो.

२०१६ मध्ये हिलोला आले. इथल्या किलाउएया या ज्वालामुखीची वेधशाळा १९१२ पासूनची. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावरचा माँ पेले फुटला आणि सें-पिएर शहरातली अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं काही मिनिटांत गेली. ते उद्ध्वस्त शहर थॉमस जॅगर नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकानं पाहिलं आणि ठरवलं की उद्रेक झाल्यावर धावत जाण्यात अर्थ नाही, ज्वालामुखीच्या शेजारी घर करून रोज बघत बसलं पाहिजे. आज ही वेधशाळा अमेरिकेच्या केंद्र सरकारचं भूवैज्ञानिक खातं, यूएसजीएस, चालवतं. तिथल्या सरकारी पदासाठी साधारणपणे नागरिकत्व लागतं. माझ्यासारखे परदेशी पासपोर्टवाले विद्यापीठाच्या पगारावर राहून त्यांच्यासोबत काम करतात. हे मुद्दाम लिहितेय, कारण इमेल करणाऱ्या मुलांना हे कुणी आधी सांगत नाही.

पहिले सहा महिने मी लाव्हा पाहिला तो लांबून. बाकी वेळ बॅटऱ्या वाहिल्या. भूकंपमापक, जीपीएस आणि टिल्टमीटर डोंगरभर विखुरलेले असतात. प्रत्येकाला सौर पाटी, बॅटरी, अँटेना. हिलो म्हणजे महाबळेश्वरच्या पावसाळ्याची बारमाही आवृत्ती, त्यामुळे काही ना काही गंजतंच. मोटारीची असते तसली बॅटरी पाठीवर टाकून काचेसारख्या धारदार लाव्हावरून दोन तास चालायचं, ती बदलायची आणि जुनी परत आणायची, तीही तितकीच जड. पुण्यातून आणलेले माझे बूट पहिल्याच महिन्यात गेले. वरचं चामडं धड होतं. खालचा तळवा गरम खडकावर डिंक सुटून अलगद मागे राहिला. मी चार पावलं पुढे आले तेव्हा कळलं.

टिल्टमीटर हे यंत्र मला आजही सगळ्यात आवडतं. डोंगराच्या पोटात रस भरला की डोंगर किंचित फुगतो आणि त्याच्या कडेची जमीन बाहेरच्या बाजूला कलते. एक किलोमीटर लांबीची फळी एका टोकाला एक मिलिमीटर उचलली तर जेवढा कल येईल, तेवढा हे यंत्र सहज पकडतं. पडद्यावर ती फक्त एक रेघ असते. वर चाललीय, म्हणजे डोंगर श्वास घेतोय. खाली चाललीय, म्हणजे रस कुठेतरी निघालाय. कुठे, ते ती सांगत नाही.

पहिला नमुना मी किनाऱ्याजवळच्या मैदानात घेतला. पुऊ ओओ नावाच्या मुखातून १९८३ पासून लाव्हा वाहत होता आणि त्या वर्षी त्याचा एक फाटा समुद्राला पोचला होता. पाहोएहोएची जीभ पुढे सरकत होती. चंदेरी कातडी, तिला चीर पडली की आत नारिंगी. वारा पाठीशी घेऊन जायचं. आवाज अगदी कमी, काच कडकडल्यासारखा. पाचेक पावलांवर आल्यावर तोंडाला झळ अशी लागते की आपोआप मान वळते. हातोडीचं चपटं टोक त्या चिरेत घातलं, वळवलं आणि ओढलं. चिक्कीचा पाक कालथ्याला येतो तसा गोळा चिकटून आला. तो झटकन पाण्याच्या डब्यात. डबा ओरडला, पाणी उसळलं, आणि तळाशी काळ्या काचेचे तुकडे उरले.

पाण्यात का, तर आमच्याकडे गुळाचा पाक झाला का ते बघायला वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकतात ना, त्याचीच ही बहीण. हळूहळू थंड होऊ दिला तर रसात खडे धरतात आणि उरलेल्या रसाचं रसायन बदलतं. एकदम विझवला तर जसा होता तसाच गोठतो. लाडवाचा पाक बिघडला तर निदान पुन्हा चुलीवर ठेवता येतो. त्या दिवशी मी डबा वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवला होता, त्यामुळे वाफ सगळी माझ्याच तोंडावर आली. बरोबरचा जुना गडी काही बोलला नाही, डबा नुसता पायानं या बाजूला सरकवला.

मग २०१८ आलं.

त्या एप्रिलमध्ये डोंगर फुगत होता. शिखरावरच्या हालेमाउमाऊ विवरातलं लाव्हाचं तळं काठोकाठ भरून बाहेर सांडलं. ३० एप्रिलला तिकडे पुऊ ओओचा तळच खचला. पस्तीस वर्षं वाहणारं मुख एका दुपारी गेलं. त्यानंतर भूकंप पूर्वेकडे सरकायला लागले. नकाशावरचे ठिपके रोज थोडे पुढे, वस्तीच्या खाली. लेइलानी एस्टेट्स नावाच्या वसाहतीत रस्त्यांना केसांएवढ्या भेगा पडल्या. ३ मेला संध्याकाळी त्यातली एक उघडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ६.९ चा भूकंप झाला. मी प्रयोगशाळेत होते. बाटल्या पडल्या त्या पडल्याच, पण ज्या यंत्रावर आमचं सगळं अवलंबून होतं ते टेबलावर तिरकं होऊन थांबलं. आम्ही दोघींनी ते सरळ केलं, पुन्हा जुळवलं, आणि पहिला नमुना लावला.

या उद्रेकात रसायन ही बातमी होती. एरवी आमचे आकडे महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी लेखात वाचतं. आता लेइलानीत दिवसरात्र पाळीनं फिरणारी माणसं नमुना पिशवीत घालायची, पिशवीवर भेग क्रमांक आणि वेळ लिहायची, कुणीतरी गाडीनं हिलोला आणायचं, आणि आम्ही धुऊन, वाळवून, दळून काही तासांत आकडा द्यायचो. आई म्हणते ते दळण. शिखरावरच्या कड्यावर वेधशाळेची इमारत होती, ती रोजच्या धक्क्यांनी तडकायला लागली तेव्हा मेच्या मध्यावर सगळे लोक तिथून उठून हिलोला आले. एका खुर्चीवर दोघं, अशी अवस्था होती.

पहिल्या भेगांतून आलेला लाव्हा थंड होता. थंड म्हणजे अकराशे अंशांच्या आसपास. दाट, चिकट, लांब न जाणारा. त्याचं रसायन १९५५ मध्ये याच भागात झालेल्या उद्रेकाच्या रसाशी जुळत होतं. म्हणजे जमिनीखाली कुठेतरी कप्प्यात उरलेला जुना माल नवीन रसानं पुढे ढकलून बाहेर काढला होता. नळ बरेच दिवसांनी सोडला की आधी तांबूस, शिळं पाणी येतं, तसं. एका भेगेतून तर अँडेसाइट नावाचा वेगळ्याच जातीचा लाव्हा आला. किलाउएयावर तोवर अँडेसाइट कुणी पाहिलेला नव्हता. सिलिका भरपूर, रस इतका घट्ट की वाहण्याऐवजी धडाधड उडायचा.

लोकांना वाटत होतं, हे असंच राहील. रस्त्यावर थोडं, परसात थोडं. आम्हाला भीती वेगळी होती. शिळं पाणी संपलं की मागचं ताजं येणार.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका रात्री दीड-दोनच्या सुमाराला मी एक नमुना लावला. हिलोत रात्री कोकी नावाचे बेडूक इतके ओरडतात की खिडकी लावली तरी ऐकू येतं. आकडे पडद्यावर आले. मॅग्नेशियम वर गेलं होतं. थोडंथोडकं नाही. पुन्हा लावला, तोच आकडा. आंबेनळी घाटात दोन वर्षं जो खेळ खेळले, हा रस कुठल्या घराण्यातला, तोच इथे जिवंत खेळून दाखवला होता. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, एकटीच, रात्री दोन वाजता.

मग बसले. गरम म्हणजे पातळ. पातळ म्हणजे वेगानं आणि लांब जाणार. तो आकडा मी फोनवरून वेधशाळेच्या पाळीवरच्या माणसाला सांगितला, त्यानं मला पुन्हा म्हणायला लावला, आणि लिहून घेतला. तिथून तो नागरी संरक्षणवाल्यांकडे गेला. टाळीबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

२८ मेच्या सुमारास आठव्या क्रमांकाची भेग पुन्हा उघडली आणि मग बाकीच्या तेवीस भेगांची गोष्टच संपली. लाव्हाचं कारंजं पन्नास-साठ मीटर, कधी त्याहून वर. त्यातून निघालेली नदी, हो, नदीच, तेरा किलोमीटर वाहत जाऊन ३ जूनच्या रात्री कापोहोच्या उपसागरात शिरली. वाटेतलं ग्रीन लेक नावाचं गोड्या पाण्याचं तळं एका दिवसात वाफ होऊन गेलं. आठवड्याभराच्या आत हे सगळं.

कापोहोत माझ्या ओळखीच्या एक आंटी राहायच्या. इथे वडीलधाऱ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात, नातं असो नसो. पाहोआच्या बाजारात त्या पपया आणि अळूची पानं विकायच्या. हवाईयन लोकांसाठी अळू म्हणजे नुसती भाजी नव्हे, ते त्यांचं थोरलं भावंड, त्यांच्या कुळकथेत तसंच आहे. मी त्यांच्याकडून पानं घ्यायचे आणि अळूवड्या करून अर्ध्या त्यांना द्यायचे. पानाला बेसन लावून उकडायचं आणि मग तळायचं, हे त्यांना फार हास्यास्पद वाटायचं, पण डबा रिकामा परत यायचा.

पाहोआच्या शाळेत दर आठवड्याला सभा व्हायची. वेधशाळेतलं कुणीतरी नकाशे दाखवायचं, लोक प्रश्न विचारायचे. एका सभेनंतर आंटींनी मला कोपऱ्यात गाठलं. "तू तो दगड बघतेस ना? मग सांग, मला किती दिवस आहेत?"

मला रसाचं तापमान माहीत होतं. भेगेतून साधारण किती बाहेर पडतोय, उतार कुठे कसा आहे, हेही माहीत होतं. पण दिवस माहीत नव्हते. लोट मधेच वळतो, स्वतःलाच बांध घालतो, फुटतो. मी म्हटलं, "दिवस नाही सांगता येत. पण तुम्ही आज सामान हलवा. उद्या नको, आज." त्या हसल्या आणि म्हणाल्या, सामान कालच हलवलं, मी फक्त झाडून घ्यायला परत जातेय.

त्यांनी खरंच घर झाडलं. ओसरी धुतली. दारात टी नावाच्या झाडाची लांब हिरवी पानं ठेवली. पेले, म्हणजे इथली ज्वालामुखीची देवी, येणार म्हणजे घरच्या मालकिणीसारखी येणार, ही जमीन तिचीच, मग घर घाणेरडं कसं ठेवायचं? वाईहून मांढरदेवीचा डोंगर दिसतो. काळूबाईला ओटी भरायला जाताना माझी आजी आधी अंगण सारवायची. देवळात जायचंय तर अंगण कशाला सारवते, हे मला कधी कळलं नव्हतं. कापोहो गेलं तेव्हा आंटी हिलोत मुलाकडे होत्या. रडल्या त्या नंतर, झाडांसाठी. घरासाठी नाही.

त्या उन्हाळ्यात ७१६ घरं गेली. शिखरावर तळं रिकामं होऊन विवर खचत गेलं, बासष्ट वेळा, प्रत्येक वेळी पाचहून जास्त तीव्रतेच्या भूकंपाएवढी ऊर्जा सोडत. शिखर खचलं की काही वेळानं चाळीस किलोमीटर खाली आठव्या भेगेतली नदी फुगायची. एकच नळी, तिला वरून दाबलं की खालून जास्त येतं. कागदावर हे किती सुंदर आहे! ऑगस्टच्या सुरुवातीला ते जसं सुरू झालं तसंच बंद पडलं. विवराचा तळ पाचशेएक मीटर खाली गेला होता.

त्याच दिवसांत मायदेशातल्या एका वाहिनीवरून फोन आला होता. "मॅडम, मागे लाव्हा दिसेल अशा उभ्या राहा ना." मी मोरीपाशी नमुने धूत होते. म्हटलं, मागे मोरी दिसेल, चालेल का? नाही चाललं.

नंतरच्या वर्षांबद्दल थोडक्यात सांगते. २०१९ मध्ये रिकाम्या विवरात पाणी साठायला लागलं. किलाउएयाच्या लिखित इतिहासात पहिल्यांदाच. हिरवट, मग तपकिरी, गरम तळं. २० डिसेंबर २०२० ला लाव्हा परत आला आणि ते पाणी काही तासांत उकळून गेलं. २०२२ च्या नोव्हेंबरात शेजारचा मौना लोआ अडतीस वर्षांनी उठला आणि दोनेक आठवड्यांत पुन्हा झोपला. लाव्हा वस्तीत आला नाही, म्हणून त्याच्या आठवणी आमच्यासाठी निखळ आनंदाच्या आहेत. कामाचं सुख लोकांच्या दुःखापासून वेगळं मिळालं, असं क्वचित होतं.

भीती वाटते का, हा ठरलेला प्रश्न. हवाईचा लाव्हा बहुतेक वेळा सभ्य असतो, चालून दूर जाता येतं. तरी मी १९९१ चा उनझेन विसरत नाही. जपानमधल्या त्या डोंगरावरून आलेल्या तापलेल्या राखेच्या लोटानं त्रेचाळीस जण गेले, त्यात मोरिस आणि कातिया क्राफ्त हे आयुष्य ज्वालामुखींमागे घालवलेलं जोडपंही होतं. कोलंबियातला गालेरास १९९३ मध्ये शास्त्रज्ञ विवरात उतरलेले असतानाच फुटला, नऊ गेले. आमच्याकडे नव्या मुलांना या दोन्ही गोष्टी सांगतात, आणि मग विचारतात : तो नमुना खरंच हवा आहे का? बहुतेक वेळा उत्तर असतं, नको, उद्या थंड झाल्यावर घेऊ.

मराठी मुलांच्या इमेल येतात. मी त्यांना आधी गणित विचारते. भूविज्ञान हवंच, पण भूकंपाच्या लहरी, जमिनीची हालचाल, उपग्रहाच्या रडारचे फोटो हे सगळं भौतिकशास्त्र आहे, आणि आज अर्ध्याहून जास्त काम तेच आहे. दगड ओळखता येतो म्हणून कुणी घेत नाही. प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर लगेच विचारतात, तेव्हा तो डेटा सायन्सवाला सल्लागार अगदीच चुकला नव्हता म्हणायचं. आणि ज्वालामुखी बघायला परदेशीच जावं लागतं असंही नाही. अंदमानातल्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून १९९१ मध्ये उठला आणि त्यानंतर अधूनमधून धुमसतोच आहे. त्या बेटावर वस्ती नाही, म्हणून आपल्याला त्याची आठवण राहत नाही.

आईला इथला एक दगड हवा होता, देव्हाऱ्याजवळ ठेवायला. राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलायला बंदी आहे, आणि पेलेचा दगड नेला तर ती मागे लागते असं इथे मानतात. लोक वर्षांनंतर टपालानं दगड परत पाठवतात, माफीच्या चिठ्ठीसह. मी तिला दोन्ही कारणं सांगितली. तिला दुसरं लगेच पटलं. उलट माझ्याच खणात आंबेनळीच्या बेसॉल्टची एक पातळ काप आहे, काचपट्टीवर चिकटवलेली. नवी मुलं आली की सूक्ष्मदर्शकाखाली ती आणि किलाउएयाची काप शेजारी शेजारी लावते आणि कुठली कुठली ते ओळखायला सांगते.

२३ डिसेंबर २०२४ पासून शिखरावर नवा खेळ सुरू झाला. काही तास, कधी दिवसभर कारंजं उडतं, कधीकधी तीनशे मीटरच्याही वर, आणि मग थांबतं. पुन्हा काही दिवस डोंगर भरत राहतो. टिल्टची रेघ चढते, चढते, आणि कारंजं सुटलं की उतरायला लागते. त्यामुळे आता पुढचं कधी, याचा थोडाफार अंदाज देता येतो. माझं काम कारंजं थांबल्यावरचं : खाली पडलेला लाव्हाचा फेस वेचायचा. चुरमुऱ्यासारखा हलका, बोटांत चुरडतो, आणि सोनेरी काचेच्या तारा सगळीकडे, कपड्यांत अडकतात, टोचतात.

परवा रात्री नऊला आईचा फोन आला. तिकडे दुसऱ्या दिवसाची दुपार, साडेबारा. मागे इतका घरघराट की काही ऐकू येईना. गिरणीत उभी होती, भाजणी दळायला, आणि पुढे तीन डबे होते. "तुझं काय चाललंय?" म्हणाली. मी म्हटलं, वाट बघतेय. तिचा डबा पुढे सरकला तशी ती कुणाशी तरी भांडायला लागली, आधी गहू दळला त्यावर ज्वारी नको, भाजणीला वास लागतो वगैरे. मी ऐकत होते आणि दुसऱ्या पडद्यावर रेघ बघत होते. वरची वर चालली होती, मग जरा आडवी झाली.

"ठेव गं, माझा नंबर आला," ती म्हणाली आणि तिनंच फोन ठेवला.

रेघ खाली वळली होती. पिशव्या मोजून घेतल्या, मार्कर चालतोय का ते हातावर उमटवून पाहिलं, मुखवट्याची डबी नवी लावली आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.